लाँच कुणी फिरवली

"मामा, लाँच सोडा लवकर," असं म्हणत शालन गाळाच्या उतरणीवरून जवळजवळ घसरतच धक्क्यावर आली. पदरात गुंडाळलेलं तिचं आठ महिन्यांचं पोर असं किंचाळत होतं की समोरच्या डोंगरावरून आवाज परत येत होता. मागोमाग तिची सासू तानाक्का, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या वहाणा घेऊन अनवाणीच उतरत होती.

माघ महिना होता. धरणाचं पाणी खाली गेलं होतं, त्यामुळे आमच्या वाकणवाडीपासून पाण्यापर्यंत यायलाच पाव तास उतरावं लागे. वाडीला रस्ता नव्हता. बाजार, दवाखाना, एस.टी. सगळं पलीकडे पेठेला, आणि पेठेला जायचं तर पंचायतीची लाँच. ती लाँच मी चालवत असे. त्या दिवशी मात्र सरपंचांना सांगून मी फेरी बंद ठेवली होती. माझ्या नंदाला बघायला खरवलीचे पाहुणे यायचे होते. अकराला ते खरवलीच्या धक्क्यावर येऊन थांबणार आणि मी त्यांना आणायला जाणार, असं ठरलं होतं. म्हणून सकाळपासून मी लाँचची बाकं पुसत होतो.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"पहाटेपासनं रडतोय. पाय पोटाशी घेतोय आन काळानिळा पडतोय. दोनदा ओकलाबी."

तानाक्का धापा टाकत पोचली. "केरू, तुझ्याकडं पावनं हायती, मला ठाव हाय. पर दुसरं कुनाला सांगू? सर्जा तिकडं मुंबईत. घरात आमी दोघी बायका."

सर्जेराव म्हणजे तिचा मुलगा, शालनचा नवरा. मुंबईच्या मसाला बाजारात माथाडी होता. पोराचं तुषार हे नाव त्यानंच तिकडून पत्रातून कळवलं होतं. तानाक्काला ते नीट म्हणता येत नसे. ती त्याला तुशा म्हणायची, आणि दिवसभर कडेवरून खाली ठेवायची नाही.

मी मनात हिशेब केला. पेठेला सव्वा तास, परत सव्वा तास, तिथून खरवली अर्धा तास. पाहुण्यांना तासभर तरी धक्क्यावर ताटकळावं लागणार. पण पोराचा तो आवाज ऐकवत नव्हता. मी दोर सोडला.

पहिली पंधरा मिनिटं पोर तसंच रडत होतं. अंगाचं धनुष्य करायचं, मुठी आवळायचं, मग गुडघे पोटात घ्यायचं. शालन त्याला छातीशी धरून पुढे-मागे हलत होती. तानाक्का त्याच्या तळपायांवर फुंकर घालत होती, कशासाठी कोण जाणे. आणि मग एकदम ते थांबलं. नळ बंद करावा तसं थांबलं. मी वळून पाहिलं तर पोर आईच्या मांडीवर पडून पाण्यावरच्या उन्हाकडे टकमक बघत होतं. चेहरा पांढरा पडला होता, पण शांत होता. तानाक्कानं जिभेनं टकटक आवाज केला तर ते हसलं.

"आगं बया, हासला की गं," तानाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

शालननं त्याला अंगावर घेतलं. चार घोट प्यालं आणि डोळे मिटायला लागलं.

आम्ही तोवर निम्म्या वाटेवर आलो होतो. डावीकडे खरवलीचा डोंगर दिसत होता. तानाक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "केरू, तुला काय वाटतं? गेलं आसंल का दुखनं?"

मी काही बोलायच्या आत शालन म्हणाली, "न्हाई आत्याबाई, जाऊया फुडंच. त्याला परत परत हुतंय तसं. पहाटे झालं, मग निजला, मग परत झालं. मगाशी घरात असाच हासला हुता. वाईच येळानं परत येतंय बगा."

एकवीस वर्षांची पोर. पहिलंच बाळंतपण. आम्ही दोघंही तिच्यापेक्षा दुपटीहून मोठे. तिच्या बोलण्याला आम्ही किती वजन देणार!

"माझ्या तिन्ही पोरांचं असंच झालंय," मी म्हणालो. "दात यायच्या वक्ताला वारा धरतो पोटात. नंदीच्या पायी तर एकदा पेठेपातूर गेलो, डाक्टरच्या दारात पोचलो आन पोरगी खळखळून हासाया लागली. ओव्याचा शेक द्या, हिंग लावा बेंबीला. संध्याकाळपातूर खेळंल."

"खरंच म्हनतोस?" तानाक्कानं विचारलं.

"आता त्याला उन्हातनं नेनार, तिथं रांगेत बसनार, एवढं निजलेलं लेकरू उठवनार. तुमी म्हनाल तसं. मी काय, लाँच हाकनारा मानूस. पर माझं पोर आसतं तर मी परत फिरवली आसती."

तानाक्का क्षणभर सुनेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फिरव मग."

शालननं पोराच्या डोक्यावर पदर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुकाणू फिरवलं. लाँच मोठं वळण घेऊन वळली.

वाकणवाडीच्या धक्क्याला त्यांना उतरवलं तेव्हा पोर झोपलेलंच होतं. तानाक्का मला म्हणाली, "जा बाबा, तुझी पावनी खोळंबल्याली आसत्याल. नंदीचं जमू दे या खेपंला." नंदाचा एक डोळा किंचित तिरळा होता. दोन स्थळं त्यावरून मोडली होती. तानाक्काला हे सगळं माहीत होतं, तिच्या पुढ्यातच ती मोठी झाली होती.

त्या दोघी उतरणीवर पन्नासेक पावलं चढल्या असतील. मी दोर गोळा करत होतो. तेवढ्यात ती किंकाळी परत आली. तशीच. मघासारखीच. शालन जागच्या जागी थांबली आणि मागं वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी खाली वाकून इंजिन चालू केलं. इंजिनाच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नाही. लाँच मागे घेतली आणि खरवलीच्या दिशेनं निघालो. वळून पाहिलं नाही.

पाहुणे वेळेवर मिळाले. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. पोहे झाले, चहा झाला, नंदाला चार प्रश्न विचारले. मुलाची आई तिच्या डोळ्याकडे बघत होती हे मला दिसत होतं. मग ती स्वतःच म्हणाली, "आमच्या आईचाबी असाच हुता. घर तिनंच चालवलं." माझ्या बायकोनं आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. जेवणं झाली, सुपारी फुटली. चार वाजता मी पाहुण्यांना परत खरवलीला सोडायला निघालो. त्यांनी आग्रह केला, घर बघून जा म्हणाले. घर बघितलं, परत चहा झाला. मी परतलो तेव्हा दिवे लागले होते. जेवून झोपलो. नंदा आत बहिणीशी कुजबुजत हसत होती. तो आवाज ऐकत मला फार गाढ झोप लागली.

तांबडं फुटायच्या सुमाराला दार वाजलं. शालन होती. तिच्या हातात घडी घातलेला लंगोट होता. ती तो माझ्यापुढे धरून उभी राहिली. माझी बायको कंदील घेऊन आली. लंगोटात शी नव्हती. रक्त आणि शेंबूड एकत्र कालवल्यासारखं लाल, चिकट, थरथरणारं काहीतरी होतं.

"काल दुपार कलल्यावर आलो हुतो धक्क्यावर," शालन म्हणाली. "लाँच न्हवती. दिवस मावळस्तवर बसलो. मग तो गप झाला, निजला, म्हून घरी आलो. आमाला वाटलं, बरं वाटलं आसंल."

आवाजात राग नव्हता. जे घडलं ते सांगावं तसं सांगितलं.

ती दुसरी फेरी मला पावलापावलानं आठवते. पाणी काचेसारखं होतं. पोर रडत नव्हतं. कालचं रडणं परवडलं, असं मला वाटत होतं. मी इंजिन जेवढं ताणता येईल तेवढं ताणलं. पोर तानाक्काच्या मांडीवर सैल पडलं होतं, डोळे अर्धे उघडे. मधून मधून हिरवं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून येई, तेवढंच. पोट फुगून ताठ झालं होतं. तानाक्का सारखी म्हणत होती, "तुशा, ए तुशा, आरं बघ की रं." शालन लाँचच्या टोकाला उभी राहून पेठेकडे बघत होती, जणू तिच्या बघण्यानं पेठ जवळ येणार होती.

पेठेहून जीप केली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोराच्या पोटावर बोटं टेकवली, लंगोट उघडून बघितलं आणि लगेच नर्सला सलाइन लावायला सांगितलं. दुसरीकडे अँब्युलन्सला निरोप पाठवला.

"बाळाच्या आतड्यात आतडं शिरलंय," त्या म्हणाल्या. आम्हाला कळेना, तेव्हा त्यांनी आपल्या पांढऱ्या कोटाची बाही मनगटापाशी धरून आत दुमडली. "हे बघा. बाही अशी आत शिरते ना, तसं. मग त्या आतल्या भागाचं रक्त बंद होतं. दर थोड्या वेळानं कळ येते, मग थांबते, परत येते. कधीपासून आहे?"

"काल पहाटेपासनं," शालन म्हणाली.

"मग काल का नाही आणलं? काल आणलं असतं तर साताऱ्याला खालून नळीनं हवा देऊन बहुतेक सरळ झालं असतं. चिरायचीसुद्धा वेळ आली नसती."

त्या ओरडल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. शालननं मान खाली घातली. तानाक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. तेवढ्यात अँब्युलन्स आली.

त्या दोघी पोराला घेऊन साताऱ्याला गेल्या. मी लाँच घेऊन परत आलो. वाडीत सगळ्यांनी विचारलं, मी म्हणालो, "आतड्याचं हाय कायतरी. आप्रेशन करनार." सर्जेरावला मुंबईला तार गेली.

ऑपरेशन झालं. आतड्याचा हातभर भाग काळा पडला होता, तो काढला. पोर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेठेच्या धक्क्याला लाँच लावून थांबलो होतो. मुंबईची एस.टी. आली त्यातून सर्जेराव उतरला. साताऱ्याहून जीप आली त्यातून त्या दोघी. एका नव्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं ते पोर शालनच्या हातात होतं. तिनं ते कुणालाच दिलं नाही. सर्जेरावानं हात पुढे केला तर तिनं मान हलवली. ती लाँचवर चढली तेव्हा मला दिसलं, तिच्या पोलक्याची पुढची बाजू दोन्हीकडे ओली झाली होती. दूध वाहत होतं. पोर नव्हतं हे तिच्या अंगाला कळलंच नव्हतं. तानाक्कानं आपला पदर तिच्या अंगावरून घेतला.

लाँच निघाली. निम्म्या वाटेवर सर्जेराव म्हणाला, "साताऱ्याचा डाक्टर म्हनत हुता म्हनं, पयल्या दिवशी आनला आसता तर वाचला आसता. तू तर कागदात लिहिलंस, पयल्या दिवशी सकाळीच निघालो हुतो म्हून."

म्हणजे तारेनंतर कुणाच्या तरी हाती शालननं चिठ्ठी पाठवली होती.

"निघालो हुतो," शालन म्हणाली.

"मग पोचला का न्हाई?"

माझे दोन्ही हात सुकाणूवर होते. माझ्या पाठीमागे तीन माणसं आणि एक मेलेलं लेकरू. मी वाट बघत होतो, कुणीतरी माझं नाव घेण्याची. मला वाटलं, आता शालन सांगेल. ती सांगेल ते खरंच असेल, आणि मी मान्य करीन.

"मी फिरवाया लावली लाँच," तानाक्का म्हणाली.

"काय?"

"निम्म्या वाटंवर पोर हासलं. मला वाटलं गेलं दुखनं. केरू न्हाई म्हनत हुता, ही न्हाई म्हनत हुती. मीच म्हनलं, फिरव. माझ्या म्हातारीच्या हट्टापायी झालं ह्ये."

सर्जेराव उठून उभा राहिला. लाँच डोलली. "केरुतात्या, खरं हे?"

मी बोललो नाही. नुसता पुढे बघत राहिलो. माणूस बोलला नाही की समोरचा त्याचा अर्थ होकार असाच घेतो. सर्जेरावानं तो तसाच घेतला. "तू माझी आई न्हाईस," तो तिला म्हणाला. एकदाच. मग बसला आणि शेवटपर्यंत पाण्याकडे बघत राहिला.

चैत्रात नंदाचं लग्न झालं. तानाक्का आली होती, शालन आली नाही. तानाक्कानं नंदाची ओटी भरली, हळद लावली, आणि पंगतीत न बसता निघून गेली.

दोन वर्षांनी शालनला परत दिवस गेले तेव्हा सर्जेराव येऊन तिला मुंबईला घेऊन गेला. "माझं पोर हिच्यापाशी ठिवायचं न्हाई," असं सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलला. मुलगी झाली. ती नात आजीला चार-दोन वेळा भेटली असेल, तीही बापाच्या नजरेसमोर. सर्जेराव जत्रेला यायचा, आईच्या हातचं जेवायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. मीठ हवं असलं तर शालनला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे म्हनावं." अकरा वर्षं हे चाललं. तानाक्का एवढ्याशा घरात एकटी राहिली.

ती माझ्याच लाँचनं बाजाराला यायची. मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणालो, "आक्का, सर्जाला मी खरं काय ते सांगतो." ती म्हणाली, "नंदीला आता कितवा?" मी म्हणालो, "पाचवा." "मग जपायला सांग तिला," एवढं बोलून ती दुसऱ्या बाईशी बोलायला लागली. दुसऱ्यांदा, त्याला सहा-सात वर्षं झाल्यावर, मी परत विषय काढला. ती म्हणाली, "नंदीची सासू बरी वागवती न्हवं तिला?" मला वाटलं, म्हातारीला आता ऐकू कमी येतं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. माझं सांगायचं राहून जात होतं आणि त्याचा दोष माझा नव्हता, अशी मी समजूत करून घेतली.

मग तानाक्का अंथरुणाला खिळली. शालन मुलीला मुंबईत ठेवून महिनाभर येऊन राहिली, तिनं सगळं केलं. श्रावणातल्या एका शुक्रवारी म्हातारी गेली. सर्जेराव शनिवारी सकाळी पोचला.

तेराव्याचं जेवण उरकलं, माणसं पांगली. मी त्यांच्या ओटीवर एकटाच थांबलो. सर्जेराव भिंतीला टेकून बसला होता. शालन ताटं गोळा करत होती.

"सर्जा," मी म्हणालो, "लाँच तुझ्या आयनं फिरवली न्हाई. मी फिरवली."

तो भिंतीपासून पुढे सरकून बसला.

मी सगळं सांगितलं. पाहुणे, अकराची वेळ, ओव्याचा शेक, माझी तीन पोरं. "आक्का विचारत हुती, मी बोललो. शालन न्हाई म्हनत हुती. धक्क्यावर उतरल्यावर पोर परत रडलं, ते मी ऐकलं आन इंजिन चालू करून निघून गेलो," हेसुद्धा सांगितलं. तेवढं कुणालाच माहीत नाही असं मला वाटत होतं.

शालननं ताटं खाली ठेवली. "मला दिसलं हुतं ते," ती म्हणाली.

सर्जेराव तिच्याकडे वळला. "तुला ठाव हुतं? आन अकरा वर्सं तू..."

"आत्याबाईंनी शपथ घातली हुती. साताऱ्याच्या दवाखान्यात. तुशा गेला, त्याला आजून हातात बी दिला न्हवता, तेव्हा. त्याचीच शपथ घातली."

"कशापायी?"

शालन उंबऱ्यावर बसली. ती माझ्याकडे बघून बोलली, त्याच्याकडे नाही. "म्हनल्या, केरूचं नाव काढू नगंस. त्याच्या पोरीचं तिसरं स्थळ हाय, परवा सुपारी फुटलीया. तिला बघाया आले त्यापायी लेकरू गेलं, आसं एकदा का लोकांच्या तोंडात गेलं की ते मोडनार. आन न्हाई मोडलं तरी पोरीला जल्मभर पांढऱ्या पायाची म्हनत्याल. आपलं तर गेलं. तिचं कशाला घालवायचं? मला आता किती जगायचंय, माझ्या नावावर राहू दे."

नंदीला कितवा. नंदीची सासू बरी वागवती न्हवं. ती माझं ऐकत नव्हती असं नव्हतं. ती मला दोन्ही वेळा उत्तर देत होती.

"शालन," मी म्हणालो, "पोरी, मी..."

"न्हाई मामा," ती म्हणाली. "आत्याबाईंनी तुमाला माफ केलं आसंल. मी न्हाई केलं. मी नंदीच्या लग्नाला आले न्हाई ते त्यापायीच. नंदीचा काय दोष न्हाई, ते मला कळतं. पर तुमचं तोंड बघितलं की मला ती लाँच वळताना दिसती. आजबी दिसती." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी आज सांगितलंत, बरं केलंत. त्या आसताना सांगायचं हुतं."



सर्जेराव आपल्या हातांकडे बघत होता. पोती उचलून उचलून त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते, ते तो अंगठ्यानं चाचपत होता. मला वाटत होतं, तो उठेल आणि मला मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

"शेवटाला काय बोलली का?" त्यानं शालनला विचारलं.

"तुमी कधी येनार ते इचारायच्या. मी सांगितलं, शनवारी. मग म्हनल्या, त्येला आंबील आवडती, शनवारी कर, मला उठवत न्हाई." शालननं पदरानं नाक पुसलं. "शुक्रवारी सकाळीच गेल्या."

सर्जेराव उठला. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, तिथं तानाक्काची खाट असायची. तो दारात जाऊन उभा राहिला. आत कुणी नव्हतं, खाट उचलून ठेवली होती, सारवलेली जमीन नुसती मोकळी होती.

"आये," त्यानं हाक मारली.

बाहेरून घरी आलेला माणूस मारतो तशी, साधी हाक. मग थोडा थांबला, जणू ती कुठं मागच्या परड्यात असेल आणि यायला वेळ लागेल. मग परत, जरा मोठ्यानं, "आये."

तिसऱ्या हाकेला शालननं तोंडात पदर कोंबला. मी ओटीवरून खाली उतरलो. मला कुणी थांब म्हणालं नाही.